ऊन, उजेड आणि आज्ञार्थ : ‘रेडियन्स’ या प्रकाशगणन-संचाच्या आज्ञाभाषेचा परिचय

ऊन आणि उजेड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मराठी भाषकास कोणी शिकवावे लागत नाही. ‘या खोलीत ऊन येत नाही, पण उजेड भरपूर आहे’ हे वाक्य घर पाहावयास गेलेला कोणीही गृहस्थ सहज बोलून जातो, आणि ऐकणारासही त्यात विसंगती वाटत नाही. ऊन म्हणजे सूर्यापासून थेट येणारा प्रकाश. उजेड म्हणजे आकाशातून, समोरच्या भिंतीवरून, अंगणातील फरशीवरून फिरत फिरत आत आलेला. छपराच्या फटीतून उन्हाची एखादी तिरीप आत उतरली, तर तिच्यासाठी ‘कवडसा’ हा आणखी एक स्वतंत्र शब्द आपल्याजवळ आहे. इंग्रजीतील ‘लाइट’ या एकाच शब्दाच्या पोटात ही सारी मंडळी राहतात. भेद करावयाचा झाल्यास तेथे जोडशब्द करावा लागतो.

प्रस्तुत लेखात ज्या संगणक-प्रणालीचा विचार करावयाचा आहे, तिच्या वापरात होणाऱ्या बहुतेक चुका या एका भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात, असे आमचे मत आहे. ‘रेडियन्स’ हे त्या प्रणालीचे नाव. एखादी वास्तू बांधली जाण्यापूर्वीच तिच्या खोल्यांत कोणत्या वेळी किती प्रकाश पडेल हे गणिताने काढावयाचे, आणि हवे असल्यास त्याचे चित्रही तयार करावयाचे, हे तिचे कार्य होय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८५ च्या सुमारास या कामास आरंभ केला. वॉर्ड, रुबिन्स्टाइन व क्लिअर यांचा या प्रणालीच्या मुळाशी असलेला निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. १९९४ साली वॉर्ड यांनी समग्र प्रणालीचे विवेचन केले, १९९८ साली रॉब शेक्सपिअर यांच्या सहकार्याने तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि २००२ पासून तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे.

भाषाशास्त्राच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर असे की, या प्रणालीत बोटाने दाबावयाची चित्रे वा बटणे जवळजवळ नाहीत. तिच्याशी सारा व्यवहार लिहिलेल्या वाक्यांनी करावा लागतो, आणि ही सर्व वाक्ये आज्ञार्थी आहेत. मनुष्याला आज्ञा करताना आपण जे न बोलता गृहीत धरतो, ते ऐकणारा आपल्या अनुभवाने भरून काढतो. यंत्रही न बोललेले भरून काढते, परंतु ते स्वतःच्या कोशातून, आपल्या अनुभवातून नव्हे. हा फरक कोठे कोठे नडतो हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाच्या अधिकारक्षेत्रात येते.

प्रथम वाक्यरचना पाहू. (प्रत्यक्ष यंत्रावर या आज्ञा रोमन अक्षरांत लिहावयाच्या असतात, येथे त्या उच्चाराप्रमाणे नागरीत दिल्या आहेत.) रेडियन्स हा एकच मोठा प्रोग्रॅम नसून अनेक लहान प्रोग्रॅमांचा संच आहे. ‘ओकॉन्व्ह’ हा खोलीचे वर्णन वाचून त्याची अष्टशाखी वृक्षासारखी मांडणी करतो, म्हणजे किरण कोठे आदळतो हे शोधताना सगळी खोली धुंडाळावी लागत नाही. ‘आरपिक्ट’ हा त्या वृक्षावरून चित्र काढतो. ‘आरट्रेस’ चित्र न काढता दिलेल्या बिंदूंपाशी प्रकाश किती आहे ते आकड्यांत सांगतो. ‘जेनस्काय’ विशिष्ट दिवशी, विशिष्ट वेळी आकाश कसे असेल याचे वर्णन तयार करतो. एकाचे फलित दुसऱ्यास देण्याची ही पद्धत १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘युनिक्स’ या प्रणालीतून आली आहे. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. ‘वर्णन वाचून, वृक्ष रचून, चित्र काढ’ या वाक्यात ‘ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधिते जे काम करतात, तेच काम तेथे एक उभी रेघ करते.

आज्ञावाक्यात आधी क्रियापद, म्हणजे प्रोग्रॅमचे नाव येते. मग वजाचिन्हाने सुरू होणारी क्रियाविशेषणे, आणि शेवटी कर्म. ‘आरपिक्ट -एबी ५ -एडी १०२४ खोली’ याचा अर्थ, ‘पाच टप्प्यांपर्यंत, प्रत्येक ठिकाणाहून १०२४ किरण सोडून, खोलीचे चित्र काढ’. तेच क्रियाविशेषण दोनदा निरनिराळ्या मूल्यांनी आले तर मागाहून आलेले खरे मानले जाते. पाणिनीच्या व्याकरणात तुल्यबळ नियमांचा विरोध आल्यास पुढचा नियम बलवान ठरतो, त्याची येथे आठवण होते. मात्र साम्य यापुढे ताणू नये.

खोलीचे वर्णन करणारी भाषा याहून साधी आहे. प्रत्येक पदार्थाची ओळख तीन शब्दांनी सुरू होते : विशेषक, जाती आणि नाम. उदाहरणार्थ,

व्हॉइड प्लॅस्टिक भिंतरंग
०
०
५ .७ .७ .७ ० ०

यातील ‘व्हॉइड’ म्हणजे ‘याला कोणतेही विशेषण नाही’ असे स्पष्ट सांगणारे पद. ‘प्लॅस्टिक’ या नावाने फसू नये. भिंतीचा रंग, लाकूड, कागद असे जे पृष्ठभाग प्रकाश मुख्यतः विखरून परत पाठवितात, त्या सर्वांची ही जाती. शेवटच्या ओळीतील ५ हा आकडा पुढे पाच संख्या आहेत असे सांगतो. तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचा किती अंश परत जातो त्या पहिल्या तीन. चौथी आरशाप्रमाणे होणाऱ्या नियमित परावर्तनाची, आणि पाचवी पृष्ठाच्या खरखरीतपणाची. वरील भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा सात-दशांश भाग परत पाठविते. यापुढे ‘भिंतरंग पॉलिगॉन उत्तरभिंत’ असे लिहून कोपऱ्यांचे निर्देशांक दिले की भिंत उभी राहिली. विशेषण आधी, विशेष्य नंतर, हा मराठीचाच क्रम. विशेषकाची व्याख्या त्याच्या वापरापूर्वी आलेली असलीच पाहिजे. नसल्यास यंत्र तक्रार करते.

यंत्र तक्रार करते तेव्हा चिंतेचे कारण नसते, कारण चूक उघडी पडलेली असते. खरा प्रश्न यंत्र गप्प राहते तेथे आहे.

मराठीत ‘बस’, ‘जा’, ‘ये’ ही आज्ञार्थाची द्वितीयपुरुषी एकवचनी रूपे घ्या. त्यांना प्रत्यय लागलेला दिसत नाही. परंतु ‘बसा’, ‘बसू दे’ यांच्या पंक्तीत ठेवले की प्रत्ययाचा हा अभावच ‘तू’ असा अर्थ देतो हे कळते. व्याकरणकार यास शून्य प्रत्यय म्हणतात. न लिहिलेल्या गोष्टीलाही निश्चित अर्थ असतो, हे तत्त्व रेडियन्सला तंतोतंत लागू पडते. आज्ञेत एखादे क्रियाविशेषण लिहिले नाही म्हणजे ते नाही असे नव्हे; त्याचे ठरीव मूल्य अमलात असते. आणि ‘-एबी’ या सर्वांत महत्त्वाच्या क्रियाविशेषणाचे ठरीव मूल्य शून्य आहे.

‘एबी’ ही ‘अँबियंट बाउन्सेस’ या शब्दांची आद्याक्षरे. ‘बाउन्स’ला मराठीत नवा शब्द घडविण्याची गरज नाही, चेंडूचा पडतो तो ‘टप्पा’ येथे चपखल बसतो. दिव्यापासून निघालेला प्रकाश भिंतीवर पडला, तेथून विखरून छताकडे गेला, हा एक टप्पा. छतावरून पुन्हा खाली आला, हा दुसरा. मूल्य शून्य असता यंत्र फक्त दिव्यापासून वा सूर्यापासून थेट येणारा प्रकाश मोजते. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर, ते ऊन मोजते आणि उजेड सोडून देते. दिव्याची सावली जेथे पडली असेल तेथे चित्रात मिट्ट काळोख दिसतो.

किती टप्पे पुरे, याचे उत्तर खोलीच्या रंगावर अवलंबून आहे. याचे गणित साधे आहे. सर्व बाजूंनी बंद असलेल्या, आतून एकाच रंगाच्या गोलाची कल्पना करा, आणि त्याचा पृष्ठभाग निम्मा प्रकाश परत पाठवितो असे समजा. थेट प्रकाश १ मानला, तर पहिल्या टप्प्याने १/२, दुसऱ्याने १/४, तिसऱ्याने १/८ अशी भर पडत जाऊन बेरीज २ कडे जाते. पाच टप्प्यांअखेर एकूण प्रकाशापैकी सुमारे ९८ टक्के हिशेबात येतो. आता त्याच गोलाला पांढरा चुना द्या, म्हणजे पृष्ठभाग चार-पंचमांश प्रकाश परत पाठवू लागेल. येथे बेरीज ५ कडे जाते, आणि त्याच पाच टप्प्यांनी केवळ ७४ टक्के प्रकाश मोजला जातो. म्हणजे खोली जितकी उजळ रंगाची, तितके यंत्राचे उत्तर खऱ्याहून अधिक अंधारे. ज्याने विचारपूर्वक पांढरा रंग निवडला त्याच्याच पदरी हा अन्याय येतो.

येथे आणखी एक सूक्ष्म बाब आहे, आणि ती प्रकाश देणाऱ्या पदार्थांच्या जातींत दडलेली आहे. रेडियन्समध्ये ‘लाइट’ आणि ‘ग्लो’ या दोन जाती आहेत. सूर्य ‘लाइट’ जातीचा. यंत्र प्रत्येक बिंदूपासून त्याच्याकडे मुद्दाम एक किरण पाठवून मध्ये आडोसा आहे काय ते पाहते. आकाशाचा घुमट ‘ग्लो’ जातीचा. ‘ग्लो’च्या चार संख्यांपैकी शेवटची शून्य असली (आकाशाची ती तशीच ठेवावयाची असते) तर यंत्र त्याचा थेट शोध घेत नाही, विखुरलेले किरण चुकून त्याच्यावर जाऊन पोहोचतील तेवढाच त्याचा प्रकाश मोजला जातो. मराठी मनाला हे विभाजन लगेच कळेल : ‘लाइट’ हे ऊन, ‘ग्लो’ हा उजेड. परिणाम असा की आकाशाचा उजेड नुसता खिडकीतून आत येण्यातच एक टप्पा खर्च होतो. ढगाळ दिवशीच्या खोलीत ‘-एबी ०’ म्हणजे संपूर्ण अंधार. ‘-एबी १’ म्हणजे जेथून आकाश दिसते तेवढ्याच जागी उजेड. वरील पांढऱ्या गोलाचे उदाहरण आकाशाच्या उजेडाला लावले तर ‘-एबी ५’ने ७४ नव्हे, ६७ टक्केच पदरात पडतात. आकडा तोच, परंतु दिव्याच्या संदर्भात त्याचा एक अर्थ आणि आकाशाच्या संदर्भात दुसरा. दुसऱ्याच्या कामातील आज्ञा जशीच्या तशी उचलून आपल्या कामास लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

टप्पे वाढविले की वेळ भरमसाट वाढतो. येथे १९८८ च्या निबंधातील मुख्य कल्पना उपयोगी पडते. ऊन एका वीतभर अंतरात दिसेनासे होऊ शकते. उजेड मात्र भिंतीवर हळूहळू बदलतो. तेव्हा उजेडाचे गणित प्रत्येक बिंदूपाशी न करता काही थोड्या बिंदूंपाशी नीट करावे, आणि मधल्या जागा त्यांच्यावरून अदमासाने भराव्यात, अशी ही युक्ती आहे. ‘-एडी’ हे प्रत्येक निवडक बिंदूपासून किती किरण सोडावयाचे ते सांगते. त्यातील चूक या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून चूक निम्मी करावयाची तर किरण चौपट सोडावे लागतात. ‘-एए’ हे अदमास किती सैल चालेल ते सांगते. आणि ‘-एआर’ हे निवडक बिंदू एकमेकांच्या किती जवळ येऊ द्यावयाचे याची मर्यादा घालते.

या शेवटच्या मूल्यात एक सापळा आहे. ही मर्यादा मीटरांत दिलेली नसते. संपूर्ण दृश्याच्या लांबीला ‘-एए’ने गुणून ‘-एआर’ने भागले की ती मिळते. दृश्य २० मीटरांचे, ‘-एए’ ०.१ आणि ‘-एआर’ २५६ असे धरल्यास बिंदू एकमेकांपासून ०.८ सेंटिमीटरपर्यंत जवळ येऊ शकतात. ही सूक्ष्मता खोलीस पुरून उरेल. आता एखाद्याने खिडकीबाहेर जमीन दिसावी म्हणून एक किलोमीटर लांबीरुंदीचा सपाट तुकडा वर्णनात घातला. आज्ञेतील एक अक्षरही बदललेले नाही. पण दृश्य १००० मीटरांचे झाले आणि मर्यादा ३९ सेंटिमीटरांवर गेली. खिडकीच्या चौकटीलगतचा, कपाटामागचा सारा बारकावा त्यामुळे पुसून जातो, आणि भिंतींवर ढगांसारखे डाग उमटतात. वाक्य तेच राहून संदर्भाने अर्थ बदलणे हा प्रकार अर्थविचाराच्या अभ्यासकांस नवा नाही. मात्र येथे वक्त्याने संदर्भ बदलला याची वार्ता त्याची त्यालाच नसते!

आता महाराष्ट्रातील वापरकर्त्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. ‘जेनस्काय’ला महिना, दिवस, तास दिले, पण स्थळ दिले नाही, तर तो प्रणालीच्या जन्मस्थानाचे, म्हणजे बर्कलीच्या परिसराचे आकाश देतो. स्थळ द्यावयाचे तर ‘-ए’ने अक्षांश, ‘-ओ’ने रेखांश आणि ‘-एम’ने प्रमाणवेळेचा रेखांश द्यावा लागतो. यात पश्चिम रेखांश धन आणि पूर्व रेखांश ऋण मानण्याची प्रथा आहे. कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला ती सोयीची होती, हे उघड आहे. पुण्यासाठी वाक्य असे होते :

जेनस्काय १२ २१ ९ +एस -ए १८.५ -ओ -७३.९ -एम -८२.५

म्हणजे २१ डिसेंबर, सकाळी ९, निरभ्र आकाश, सूर्यासह. यात वजाचिन्ह दोन अगदी भिन्न कामे करते. ‘-ओ’मधील वजा ‘येथून क्रियाविशेषण सुरू होते’ एवढेच सांगते, ‘-७३.९’मधील वजा गणितातील ऋणचिन्ह आहे. रूप एक, कार्ये दोन. आणि समरूप चिन्हे लागोपाठ आली की डोळा त्यांपैकी एक अनावश्यक समजून गाळतो. दोन्ही रेखांशांपैकी एकाचेच ऋणचिन्ह गळाले, तर प्रमाणवेळ आणि स्थळ यांत कित्येक तासांचे अंतर पडते आणि प्रोग्रॅम तसा इशारा देतो. दोन्ही चिन्हे गळाली, तर मात्र दोन्ही आकडे एकमेकांशी सुसंगत दिसतात आणि इशारा येत नाही.

चूक किती होते ते पाहू. पुणे हे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या ८.६ अंश पश्चिमेस आहे. म्हणून तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ३४ मिनिटे मागे चालतो. (वर्षभरात सूर्यगतीमुळे पडणारा काही मिनिटांचा फरक येथे सोडून दिला आहे.) चिन्हे गळाल्यास यंत्राच्या मते तो ३४ मिनिटे पुढे चालतो. घड्याळात ९ वाजले असता सूर्याच्या हिशेबाने ८.२६ झाले असावयास पाहिजेत, ते यंत्र ९.३४ झाले असे धरते. त्या दिवशी पुण्यात सूर्याची उंची खऱ्या वेळी क्षितिजापासून सुमारे २३ अंश असते. यंत्राने धरलेल्या वेळी सुमारे ३५ अंश. खिडकीची वरची कड जमिनीपासून २ मीटर उंच असेल, तर किरणाच्या दिशेने मोजता कवडसा प्रत्यक्षात सुमारे ४.७ मीटर आत येईल. चित्रात तो २.९ मीटरांवर थांबलेला दिसेल. पूर्वेकडे खिडक्या असलेल्या शाळेचा छज्जा या चित्रावरून ठरविला गेला, तर मधल्या रांगेतील मुलांच्या डोळ्यांवर हिवाळाभर ऊन येईल, आणि ते कोठून आले हे कोणासही कळणार नाही. कारण चित्र तर सुबक आहे.

चित्राच्या सुबकपणाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ‘आरपिक्ट’ जे चित्र काढतो त्यात प्रत्येक बिंदूपाशी प्रकाशाचे प्रत्यक्ष भौतिक मूल्य साठविलेले असते. पडद्यावर वा कागदावर एवढी मोठी व्याप्ती मावत नाही, म्हणून ‘पीफिल्ट’ हा प्रोग्रॅम ते चित्र पाहण्याजोगे उजळ वा मंद करून देतो. डोळ्याची बाहुलीही हेच करते. परिणामी दाट काळोखाच्या खोलीचे चित्रही व्यवस्थित उजळलेले दिसू शकते, आणि ते पाहून खोली प्रकाशमान आहे असा निष्कर्ष काढणे निराधार ठरते. खोलीत वाचता येईल काय हा प्रश्न असेल, तर चित्र बाजूला ठेवून ‘आरट्रेस -आय’कडे जावे. त्याला बाकाच्या उंचीवरील बिंदू आणि वर पाहणारी दिशा द्यावी. तो तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे देतो. त्यांना अनुक्रमे .२६५, .६७० व .०६५ यांनी गुणून बेरीज करावी व तिला १७९ ने गुणावे, म्हणजे लक्समध्ये प्रकाश मिळतो. हिरव्याचा वाटा दोन-तृतीयांश आहे, कारण मनुष्याचा डोळा त्यास सर्वाधिक संवेदनशील आहे.

काचेच्या बाबतीत एक बारीक भेद सांगावयाचा राहिला. काचेतून एकूण किती प्रकाश पार होतो तो आकडा कारखानदार देतो. रेडियन्सला मात्र काचेच्या दोन्ही पृष्ठांवरील परावर्तन वगळून, केवळ तिच्या अंतरंगातून किती पार होतो तो आकडा हवा असतो. इंग्रजीत या दोन्ही संज्ञा एकाच धातूपासून निघालेल्या व जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या आहेत. नेहमीच्या ८८ टक्के प्रकाश पार करणाऱ्या काचेसाठी ०.९६ लिहावे लागते. मराठीत पहिलीस ‘पारगमन’ व दुसरीस ‘अंतःपारगमन’ म्हटले, तर निदान आपल्याकडे तरी हा घोटाळा टळेल.

ज्यांना एवढी क्रियाविशेषणे सांभाळणे जड वाटेल त्यांच्यासाठी ‘रॅड’ नावाचा मुकादम प्रोग्रॅम या संचात आहे. त्याला काम किती बारकाईचे हवे, उजेड जागोजाग किती बदलतो, आणि टप्पे किती, हे ‘कमी’, ‘मध्यम’, ‘अधिक’ अशा शब्दांत व एखाद्या आकड्याने सांगितले की बाकीची मूल्ये तो स्वतः ठरवितो. कोणती फाइल कोणत्या फाइलीनंतर बदलली हे पाहून जेवढे पुन्हा करणे आवश्यक तेवढेच तो करतो. उजेडाची जुनी गणिते ज्या फाइलीत साठविली जातात, ती भिंतींचा रंग बदलल्यावरही तशीच राहिली, तर जुन्या रंगाचा उजेड नव्या भिंतींवर पडतो. हाताने काम करणाऱ्याने ती आठवणीने पुसावी लागते. आरंभीच्या अभ्यासकाने ‘रॅड’च्याच हाती काम द्यावे, परंतु त्याने खालच्या प्रोग्रॅमांना कोणत्या आज्ञा केल्या हे तो पडद्यावर दाखवितो, ते वाचण्याचा आळस करू नये. आरपिक्टच्या चित्रांत तर ज्या आज्ञेने ते काढले ती आज्ञा चित्राच्या फाइलीच्या माथ्यावरच लिहिलेली असते. ‘गेटइन्फो’ हा लहानसा प्रोग्रॅम ती वाचून दाखवितो. वास्तुविशारदाने समोर ठेवलेले चित्र पाहणाऱ्या संस्थाचालकांनी ती ओळ मागून घ्यावी, आणि तिच्यात ‘-एबी’पुढे कोणता आकडा आहे, व आकाशाच्या वर्णनात रेखांशापुढे वजाचिन्ह आहे की नाही, एवढे आधी पाहावे.